बारामतीची लढाई आणि लंडनमधला वाद

प्रश्न : ८ ऑक्टोबर १८०२ रोजी आमच्या बारामतीत लढाई झाली आणि पुढच्याच वर्षी इंग्रजांनी मराठ्यांशी युद्ध पुकारलं, एवढं पुस्तकात वाचलं. पुस्तकात हे सगळं अर्ध्या पानात उरकतं. पण युद्ध करायला इंग्रजांकडे खरोखर काही कारण होतं का? आणि त्यांच्यापैकी कोणी ‘हे युद्ध अन्यायाचं आहे’ असं उघडपणे म्हटलं का?
– एक महाविद्यालयीन वाचक, बारामती

उत्तर : म्हटलं, आणि चांगलं खणखणीत म्हटलं. ५ एप्रिल १८०५ रोजी लंडनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये फिलिप फ्रान्सिस या सभासदाने मराठ्यांशी झालेल्या युद्धावर ठराव मांडला. हिंदुस्थानात मुलूख जिंकत सुटणं हे इंग्लंडच्या स्वतःच्या कायद्याविरुद्ध आहे, असं त्याचं म्हणणं होतं. त्या वेळी शिंदे-भोसल्यांशी तह होऊन गेले होते, पण होळकरांशी युद्ध चालूच होतं. म्हणजे सैन्य रणांगणावर असतानाच ‘हे सैन्य तिथे गेलंच कशाला’ हा प्रश्न भर सभागृहात विचारला गेला. ठराव पडला. तो का पडला आणि पडूनही तुमच्या-माझ्या दृष्टीने त्याला किंमत का आहे, हे समजायला सुरुवात बारामतीपासूनच करावी लागेल.

मार्च १८०० मध्ये नाना फडणीस वारले आणि पुण्याच्या कारभाराला धरबंध राहिला नाही. दुसऱ्या बाजीरावावर दौलतराव शिंद्यांची पकड होती. एप्रिल १८०१ मध्ये बाजीरावाने विठोजी होळकराला पुण्यात हत्तीच्या पायाखाली देऊन मारलं. विठोजीचा भाऊ यशवंतराव. त्याचं म्हणणं असं, की माझं भांडण शिंद्यांशी आहे. पेशवे धनी आहेत, त्यांच्याकडे मी न्याय मागायला येतोय. भावाचा असा शेवट झालेल्या माणसाची ही तक्रार खोटी नव्हती. दक्षिणेत उतरल्यावर त्याचा सरदार फत्तेसिंग माने याने पेशव्यांच्या सरदारांची फौज बारामतीजवळ मोडली. तीच तुमची ८ ऑक्टोबरची लढाई. २५ ऑक्टोबरला हडपसरला शिंदे आणि पेशवे यांच्या एकत्र फौजेचा पराभव झाला आणि बाजीराव पुणे सोडून पळाला.

पण न्याय मागायला निघालेल्या फौजेनं वाटेतली गावं लुटली, पिकं कापून नेली. धन्याकडे दाद मागायची आणि धन्याच्या रयतेच्या कणग्या रिकाम्या करायच्या, हे माझ्या मते कोणत्याही तक्रारीने झाकलं जात नाही. यशवंतराव पुढे इंग्रजांशी ज्या जिद्दीनं लढला तिचं कौतुक करताना हा भाग गाळू नये, असं मला वाटतं.

बाजीराव सिंहगड, रायगड, महाड करत कोकणात उतरला आणि इंग्रजी जहाजातून वसईला पोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईचा तह झाला. किमान ६,००० कवायती पायदळाची तैनाती फौज कायमची ठेवून घ्यायची, तिच्या खर्चासाठी २६ लाख रुपयांचा मुलूख तोडून द्यायचा आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी युद्ध किंवा बोलणं करायचं नाही, अशी त्याची कलमं. नानांनी हयातभर जी गोष्ट टाळली तिच्यावर बाजीरावाने एका रात्रीच्या भीतीपोटी सही केली.

या पेशव्याला गादीवर परत बसवायला म्हैसूरकडून आर्थर वेलस्ली निघाला. हाच पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, गव्हर्नर जनरल लॉर्ड वेलस्लीचा धाकटा भाऊ. एप्रिल १८०३ मध्ये अकलूजला हैदराबादकडची फौज त्याला येऊन मिळाली. पुढे बारामतीजवळ त्याला खबर लागली, की बाजीरावाचा दत्तक भाऊ अमृतराव पुणे जाळणार आहे. तेव्हा १९ एप्रिलच्या रात्री घोडदळ घेऊन तो बारामतीहून घाटमार्गे निघाला आणि २० तारखेला दुपारी पुण्यात हजर झाला. १९ तारखेच्या सकाळपासूनची चाल धरली तर सुमारे ६० मैल ३२ तासांत. म्हणजे सहा-सात महिन्यांत बारामतीकरांनी दोन फौजा पाहिल्या. एक म्हणत होती, आम्ही पेशव्यांकडे न्याय मागायला आलो. दुसरी म्हणत होती, आम्ही पेशव्यांना न्याय द्यायला आलो.

इथपर्यंत इंग्रजांचं शिंदे-भोसल्यांशी युद्ध नव्हतं. ते कशासाठी झालं, हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे आणि त्याचं उत्तर एका कायद्यात दडलेलं आहे. १७८४ मध्ये पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी जो कायदा केला, त्यात दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या होत्या. एक, हिंदुस्थानात राज्यविस्तारासाठी मुलूख जिंकणं हे इंग्रज राष्ट्राच्या इच्छेला, अब्रूला आणि धोरणाला धरून नाही. दोन, लंडनच्या हुकमाशिवाय गव्हर्नर जनरलने युद्ध पुकारायचं नाही. अपवाद एवढाच, की कंपनीवर किंवा तिच्या दोस्तांवर हल्ला झाला असेल किंवा तशी तयारी चाललेली असेल. १७९३ च्या सनदेत हे कलम पुन्हा घातलं गेलं. लंडनहून पत्राचं उत्तर यायला त्या काळी वर्षभर लागायचं, त्यामुळे हा अपवाद ठेवणं भागच होतं. पण ज्याला युद्ध करायचंच आहे त्याला त्याच अपवादातून वाट मिळते. त्याने फक्त समोरचा हल्ल्याची तयारी करतोय एवढं कागदावर दाखवायचं.

आता १८०३ चा उन्हाळा पाहा. दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले आपापल्या फौजांनिशी निजामाच्या सरहद्दीजवळ तळ देऊन होते. निजाम कंपनीचा दोस्त. शिंद्यांच्या छावणीत कंपनीचा रेसिडेंट कर्नल कॉलिन्स होता. २८ मे रोजी त्याने दौलतरावाला खोदून खोदून विचारलं, की वसईच्या तहाविरुद्ध तुम्ही काही करणार आहात का? दौलतरावाने शेवटी सांगितलं, की भोसल्यांची भेट होऊ द्या, मग युद्ध की सलोखा ते कळवू. हे एक वाक्य इंग्रजांच्या प्रत्येक समर्थनात पुढे आलेलं दिसेल. बघा, त्याने युद्धाची धमकी दिली! मला ते वाक्य वेगळं वाटतं. स्वतःला विचारलंही नसताना आपल्या धन्याने परक्यांशी कायमचा करार करून टाकला, त्यावर ‘आमच्या जोडीदाराशी बोलून सांगतो’ असं म्हणणारा माणूस धमकी देत नसतो, वेळ मागत असतो.

मग फौजा मागे घेण्याचा घोळ सुरू झाला. इंग्रज म्हणाले, तुम्ही आपापल्या मुलखात परत जा, मग आम्ही मागे जातो. शिंदे-भोसल्यांचं उत्तर होतं, की आम्ही बऱ्हाणपुराला जातो, तुम्ही श्रीरंगपट्टण, मद्रास, मुंबई अशा आपल्या ठिकाणांवर जा, दोघेही ठरल्या दिवशी हलू. आर्थर वेलस्लीला हे मान्य झालं नाही. बऱ्हाणपूर निजामाच्या हद्दीपासून हाकेच्या अंतरावर आणि श्रीरंगपट्टण शेकडो कोस दूर, हा त्याचा हिशेब होता. नकाशा समोर ठेवला तर या हिशेबात तथ्य आहे, हे मान्य करावं लागतं. पण त्याच नकाशावर दिसतं, की शिंदे स्वतःच्या मुलखाच्या आसपास होते आणि वेलस्ली आपल्या ठाण्यांपासून शेकडो कोस आत आलेला होता. ३ ऑगस्टला कॉलिन्सने शिंद्यांची छावणी सोडली. ६ ऑगस्टला वेलस्लीने दौलतरावाला शेवटचं पत्र लिहिलं : मी बरोबरीच्या नात्याने सलोखा पुढे केला होता, तुम्ही युद्ध पसंत केलंत, आता परिणामांची जबाबदारी तुमची. ८ तारखेला अहमदनगरच्या पेठेवर हल्ला, १२ ला किल्ला ताब्यात. २३ सप्टेंबरला असईची लढाई, नोव्हेंबरअखेर अडगाव, डिसेंबरच्या मध्याला गाविलगड.

आता एक तारीख लक्षात ठेवा, २७ जुलै १८०३. त्या दिवशी गव्हर्नर जनरलने उत्तरेतल्या सेनापती लेकला पत्र लिहून युद्धाची उद्दिष्टं कळवली. दोआबात फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखाली शिंद्यांची जी कवायती फौज होती ती मोडायची, कंपनीची हद्द यमुनेपर्यंत न्यायची, दिल्ली आणि आग्रा ताब्यात घ्यायचे, बादशहाला आपल्या छायेखाली आणायचं, बुंदेलखंडात पाय रोवायचे. शेवटच्या पत्राच्या दहा दिवस आधीचा हा मजकूर आहे. निजामाच्या सरहद्दीवरचा धोका टाळण्यासाठी युद्ध करतो म्हणणाऱ्याला आग्र्याचा किल्ला कशाला हवा होता, हे कुणाही बारामतीकराने विचारावं.

इथे मोरोपंतांची आठवण काढल्यावाचून राहवत नाही. बाबूजी नाइकांच्या आश्रयाने पंत बारामतीत राहिले, तिथेच त्यांनी ‘आर्याभारत’ रचलं आणि १७९४ मध्ये, म्हणजे बारामतीच्या लढाईच्या आठच वर्षं आधी, तिथेच वारले. बारामतीत ज्यांनी पुराण ऐकलं असेल त्यांना उद्योगपर्व नवं नव्हतं. विराटाच्या सभेत बलराम दुर्योधनाची बाजू सांभाळून बोलतो, सात्यकी त्याच्यावर तुटून पडतो. कृष्ण शिष्टाईला जातो, पाच गावांवर येऊन ठेपतो, तरी दुर्योधन हट्ट सोडत नाही. त्या शिष्टाईची कसोटी अशी, की मागणी कमी कमी होत गेली. १८०३ च्या शिष्टाईत उलट झालं. वरवर फौजा मागे घेण्याची बोलणी चालू होती आणि मनातली मागणी अहमदनगरपासून दिल्लीपर्यंत वाढलेली होती. म्हणून त्या वाटाघाटींना मी शांततेचा प्रयत्न म्हणायला तयार नाही. पुढे लंडनला दाखवायला लागणारा पुरावा तिथे गोळा होत होता.

आणि लंडनला दाखवावं लागणारच होतं. याची जाणीव लॉर्ड वेलस्लीला किती होती बघा : युद्ध पुरतं संपायच्या आत, १५ डिसेंबर १८०३ ही तारीख घालून, फोर्ट विल्यमहून त्याने या सगळ्या प्रकरणाचं समर्थन करणारं टिपण छापून काढलं. पण कंपनीचे डायरेक्टर खूश नव्हते. त्यांना व्यापारात नफा हवा होता आणि वेलस्लीच्या मोहिमांनी कर्ज वाढत होतं. विजयाबद्दल त्यांनी आभार मानले, पण युद्धाचा उगम आणि त्यामागचं धोरण यांत आपण सध्या शिरत नाही, अशी पुस्ती जोडून. पराक्रमाला दाद दिली आणि कारणाचा निवाडा पुढे ढकलला.

सर्वांत बोलका माणूस मला लॉर्ड कॅसलरे वाटतो. कंपनीच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचा तो अध्यक्ष. मार्च १८०४ मध्ये त्याने खासगी टिपण लिहून वसईच्या तहावर शंका घेतल्या. ज्या पेशव्याच्या मनात हा तह नाही त्याच्यावर तो लादून काय साधणार? मराठ्यांच्या आपसांतल्या न संपणाऱ्या भांडणांत आपण कायमचे अडकणार नाही का? हे टिपण आर्थर वेलस्लीकडे पोचलं, त्याने त्याच वर्षी मुद्देसूद उत्तर लिहिलं. पण पार्लमेंटमध्ये उभं राहण्याची वेळ आली तेव्हा हाच कॅसलरे वेलस्लीच्या समर्थनाला उभा राहिला. खात्याच्या कागदात शंका आणि सभागृहात खात्री.

फ्रान्सिसबद्दलही खरं ते सांगायला हवं. तो निःस्वार्थी साधू नव्हता. कलकत्त्याच्या कौन्सिलात असताना वॉरन हेस्टिंग्जशी त्याचं हाडवैर होतं, १७८० मध्ये दोघांनी एकमेकांवर पिस्तुलं झाडली होती आणि फ्रान्सिस जखमी झाला होता. गव्हर्नर जनरलला धारेवर धरण्यात त्याला जुना रसही होता. पण मराठ्यांशी युद्धाच्या बाबतीत त्याची भूमिका १८०५ ची नव्हती, तीस वर्षांची होती. १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी बाजीरावाचा बाप रघुनाथराव याला हाताशी धरून सुरतेचा तह केला आणि युद्ध सुरू केलं, तेव्हा ज्या कलकत्त्याच्या कौन्सिलने त्या युद्धाला अविचारी, धोक्याचं, अनधिकृत आणि अन्यायाचं ठरवलं, तिचा फ्रान्सिस सभासद होता. त्याच निर्णयातून कर्नल अप्टन पुरंदरला आला आणि १ मार्च १७७६ चा तह झाला. कऱ्हा त्याच पुरंदर-सासवडच्या मुलखातून वाहत तुमच्या बारामतीला येते. बापाला गादीवर बसवायला झालेलं युद्ध अन्यायाचं होतं, तर मुलाला बसवण्याच्या निमित्तानं झालेलं युद्ध न्यायाचं कसं? फ्रान्सिसला हा प्रश्न विचारण्याचा अधिकार होता.

तो हरला कारण बहुमत सरकारकडे होतं, इंग्लंड तेव्हा नेपोलियनशी झुंजत होतं आणि ‘शिंद्यांच्या फौजेत फ्रेंच अधिकारी आहेत’ एवढं वाक्य लंडनला घाबरवायला पुरेसं होतं. तरी वेलस्लीचं धोरण टिकलं नाही. डायरेक्टरांच्या नाराजीत होळकरांनी कर्नल मॉन्सनची उडवलेल्या दाणादाणीच्या बातमीची भर पडली. वेलस्लीला परत जावं लागलं, म्हाताऱ्या कॉर्नवॉलिसला युद्ध आवरण्यासाठी पाठवलं. तो १८०५ च्या ऑक्टोबरात गाझीपूरला वारला, पण डिसेंबरात होळकरांशी तह झालाच.

आणि माझ्या दृष्टीने याहून मोठी गोष्ट म्हणजे कागद. या वादामुळे युद्धाचे कागदपत्र पार्लमेंटपुढे ठेवावे लागले, छापावे लागले. पुढे रियासतकार सरदेसाई आणि जदुनाथ सरकार यांच्या देखरेखीखाली पुणे रेसिडेन्सीचा पत्रव्यवहारही प्रसिद्ध झाला. म्हणून २७ जुलै आणि ६ ऑगस्ट या दोन तारखा आज आपण शेजारी शेजारी ठेवू शकतो. ठराव पडल्यावर फ्रान्सिसच्या हाती काही उरलं नाही, आपल्या हाती मात्र हे कागद उरले. ते वाचून मी तरी त्याच्या बाजूचा आहे : इंग्रजांना भीती होती, थोडं कारणही होतं, पण युद्ध त्या कारणासाठी झालं नाही.

प्रश्न : लंडनमध्ये वाद झाला हे ठीक. पण आपल्याकडे असा वाद झाला का? आणि ज्यांच्या शेतातून फौजा गेल्या त्यांना कोणी विचारलं का?
– एक शेतकरी वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं. नाही.

पहिल्याचं थोडं सांगतो. आपल्याकडे मतभेद होते आणि तीव्र होते, पण ते जाहीर होण्याची जागा नव्हती. छापलेलं मराठी वर्तमानपत्र, बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’, निघालं ६ जानेवारी १८३२ रोजी, म्हणजे या युद्धानंतर जवळपास तीस वर्षांनी. तोवर मत म्हणजे वकिलांचे खलिते, दरबारातली कुजबुज आणि कोण कोणाच्या छावणीत जाऊन राहतो ते. शिंदे आणि भोसले लढले. होळकरांनी त्यांना साथ दिली नाही, ते माळव्यात निघून गेले आणि शिंद्यांचा पराभव झाल्यावर १८०४ मध्ये एकटे लढले. पटवर्धन आणि बापू गोखले १८०३ च्या एप्रिलात वेलस्लीच्या बरोबर पुण्याकडे चालत आले, कारण त्यांच्या दृष्टीने तो पेशव्यांना परत आणत होता. हेच बापू गोखले १८१८ मध्ये अष्टीला पेशव्यांसाठी इंग्रजांशी लढताना पडले. या माणसाला १८०३ मध्ये काय वाटत होतं आणि पंधरा वर्षांत काय काय बदललं, हे त्याने लिहून ठेवलं असतं तर आपला केवढा फायदा झाला असता! सभा नाही, छापखाना नाही, म्हणून प्रश्न विचारणारा फ्रान्सिसही नाही. आपल्या बाजूची ही उणीव मला फार बोचते.

रयतेनं आपलं मत एकाच रीतीनं दाखवलं : गाव सोडलं. होळकरांच्या फौजा आणि पेंढारी १८०२ मध्ये गेले त्या पट्ट्यात उभी पिकं गेली, बियाणं गेलं, बैल गेले. त्यावर १८०३ मध्ये पावसाने दगा दिला आणि पुणे-नगर भागात भीषण दुष्काळ पडला. भीमा आणि नीरेच्या मधला तुमचा इंदापूर परगणा तसा अवर्षणाचाच. एका वर्षाचा दाणागोटा आणि बैल गेल्यावर दुसऱ्या वर्षाचा कोरडा पावसाळा काढणं तिथे कोणाला शक्य नव्हतं. गावंच्या गावं ओस पडली.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याची जमीन मोजणी ज्या पद्धतीने पुढे सगळीकडे गेली, ती गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास प्रथम इंदापुरातच बसवली. त्याआधीच्या प्रिंगलच्या मोजणीने सारा इतका चढा लावला होता, की शेतकरी जमिनी टाकून जात होते, त्यामुळे त्या काळातल्या पडीक जमिनीचा सगळा दोष १८०२ च्या फौजांवर टाकता येणार नाही. पण ते अहवाल आणि १८८५ चं पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर वाचताना होळकरांच्या स्वारीचा आणि त्यानंतरच्या दुष्काळाचा उल्लेख येतो. गॅझेटियर मोठ्या ग्रंथालयांत मिळतं. पेशवे दफ्तर पुण्याच्या पुराभिलेखागारात आहे, तिथे परगण्यांचे हिशेब मोडीत आहेत. मोडी वाचणारं कोणी तुमच्या तालुक्यात असेल, तर इंदापूर परगण्याचे १८०१ ते १८०५ चे वसुलीचे कागद शोधून पाहा. ज्या गावांपुढे रक्कम कमी झाली किंवा सूट पडली असेल, ती गावं नकाशावर मांडली तर फौजा कुठून गेल्या ते दिसू लागेल. असं काम कोणी हाती घेणार असेल तर जरूर कळवा, या सदरात त्याला जागा देऊ.